आवाज : निरंक

दफ्तरातील नोंदीनुसार तपशील असा. पदनाम : तांत्रिक सहायक, श्रेणी दोन. कर्तव्यस्थान : उतार निरीक्षण कक्ष, पहिला मजला, जिन्यालगत. वय : एक्कावन्न वर्षे सात महिने. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण : डाव्या कानाच्या पाळीवर सोल्डरिंगच्या सळईचा चटका. नेमून दिलेले काम : कक्षातील सर्व यंत्रसामग्री सदैव सुस्थितीत राखणे, आणि तशी राखता न आल्यास वरिष्ठांस विहित नमुन्यात अवगत करणे.

ऑफिसात त्याला सगळे पेंग्विन म्हणत.

नाव साहेबांनी ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला आणि कार्यालयातली झाडून सगळी मशीनं विंडोजवरून लिनक्सवर गेली. हे काम ज्याच्या गळ्यात पडलं तो हाच. पहिलं मशीन चालू झालं तेव्हा पडद्यावर एक गोलमटोल पेंग्विन उगवला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सहायकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "म्हणजे फोटो यांचाच लावलाय." चाल, पोट, खांद्यांचा उतार, सगळं जुळत होतं. तक्रारीला जागा नव्हती.

त्याचा जन्म गेला यंत्रांच्या मागे. लागला तेव्हा टाइपरायटर दुरुस्त करायचा, टाइपरायटर संपले. मग बिनतारी संच आले, त्यांचे व्हॉल्व्ह आणि कॉइली त्याने पाठ केल्या. तेही कपाटावर गेले. मग कॉम्प्युटर. यंत्रं मरत गेली आणि हा उरत गेला. लिनक्स तो एका जाडजूड पुस्तकावरून शिकला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बोट ठेवून ओळ न् ओळ. सवय मात्र टाइपरायटरच्या काळातलीच राहिली : बिघडलेल्या वस्तूला आधी कान लावायचा. "माझं घरात ऐकू येत नाही यांना," बायको आल्यागेल्याला सांगायची, "आणि मिक्सर खरखरला की शेजाऱ्यांच्या घरात जाऊन सांगतात, बेअरिंग गेलंय म्हणून."

कक्षाचं काम एका दमात सांगता येण्यासारखं आहे. गावाच्या कडेला टेकडी. टेकडीचा एक उतार वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकतोय. उताराखाली बेचाळीस घरांची वस्ती, तीन ओळींत. उतारावर सात ठिकाणी खुंट्या ठोकून तारा ताणलेल्या. जमीन सरकली की तार ताणली जाते आणि किती मिलिमीटर ते कक्षातल्या लॅपटॉपला कळतं. दिवसाला पाचाच्या वर आकडा गेला की लॅपटॉपने भोंगा वाजवायचा, आणि तो वस्तीतल्या खांबावरच्या कर्ण्यांतून ऐकू आला की लोकांनी घरं सोडून शाळेच्या मैदानावर जमायचं.

लॅपटॉपचा आवाज खांबापर्यंत जाण्यासाठी एक केबल होती. ती जळाली. नव्या केबलचं मागणीपत्र दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होतं आणि सह्यांनी चांगलं भरत आलं होतं. मधल्या काळासाठी पेंग्विनने कपाटावरचा एक बिनतारी संच खाली काढला, त्याचा माइक रबरबँडने लॅपटॉपच्या स्पीकरसमोर बांधला, वर प्लास्टिकचा डबा उपडा घातला, आणि डब्यावर कागद चिकटवला : "हात लावू नये. हुकमावरून." तात्पुरती व्यवस्था म्हणून ती मंजूर झाली, आणि तात्पुरत्या व्यवस्था टिकतात तशी टिकली.

भोंग्याच्या प्रोग्रॅमला त्याने मुद्दामच खिडकी ठेवली नव्हती. खिडकी दिसली की माणसं ती बंद करतात, हा सहा वर्षांचा अनुभव. प्रोग्रॅम पडद्यामागे चालायचा, आकडे एका फाइलीत लिहायचा, आणि वेळ आली की ओरडायचा. पुरे होतं.

मागच्या ओळीत, अगदी उताराला पाठ लावून, अकरा घरं. त्यातलं शेवटचं त्याच्या ताईचं.

आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ताई चौदाची. तिने याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, आणि स्वतःची शाळा सोडून शिवणकाम धरलं. अजून ती याला छोट्या म्हणते. तीन वर्षांपूर्वी भाऊजींची डावी बाजू लुळी पडली आणि ते खाटेला खिळले. त्यांना उचलायला चार माणसं लागतात. दोन वर्षांपूर्वी ताईने विचारलं होतं, "छोट्या, हे घर सोडावं म्हणते. मागं ती टेकडी, मला झोप लागत नाही. तुझ्याकडची मागची खोली देतोस?" खोलीत त्याची खोलून ठेवलेली यंत्रं होती. तो म्हणाला होता, "ताई, भोंगा माझ्या हातचा आहे. टेकडी तसूभर हलली तर तुझ्या आधी मला कळेल. भोंगा वाजला तर निघ. नाही वाजला तर स्वस्थ झोप."

ताई राहिली. धाकट्या भावाच्या शब्दावर राहिली.

त्या दिवशी सकाळी तो ऑफिसला निघत असताना ताईचा फोन आला.

"रविवारी येतोस ना? येताना रंधा आण. स्वयंपाकघराचं दार बसत नाहीये चौकटीत."

"लाकूड फुगलं असेल."

"फुगायला काय झालंय त्याला? थेंब नाही पाण्याचा. तीन दिवस झाले. आधी दार अडलं, आता खिडकी पण. तुझे भाऊजी म्हणतात, घर आळस देतंय."

"भाऊजींना काय, पडल्या पडल्या सुचतं." तो हसला. "आणतो रंधा."

ऑफिसात साहेब जिन्यातच उभे होते. हे लक्षण बरं नसतं.

"पेंग्विन, उद्या अकराला वरून पाहणी पथक येतंय. काल मी रंगीत तालीम केली. चाचणीचं बटण दाबलं. आता उद्या काय व्हायचंय? मी बटण दाबणार, आवाज येणार, पथक माना डोलावणार. यातलं मधलं होत नाहीये."

"आवाज येत नाही?"

"हूं का चूं नाही. तुमच्या त्या पेंग्विनचा घसा बसलाय. आज संध्याकाळपर्यंत मला आवाज पाहिजे."

"पण साहेब, दर सोमवारी चाचणी होते ना?"

"होते ना. रजिस्टरमध्ये आहे. समाधानकारक."

"केली कोणी?"

"सही माझी आहे," साहेब म्हणाले, आणि हा प्रश्न जिथल्या तिथे मिटला.

कक्षात नोंदबाई होत्या. नोंदी ठेवतात म्हणून नोंदबाई. खरं पदनाम लांबलचक होतं आणि त्यांना स्वतःलाही ते पगारपत्रक बघूनच आठवायचं. दर तासाला भोंगा वाजला की नाही ते रजिस्टरात लिहिणं हे त्यांचं काम. वाजला तर वेळ लिहून साहेबांना सांगायचं. नाही वाजला तर "आवाज : निरंक" असं लिहायचं. अक्षर मोत्यासारखं. पानामागून पान निरंक.

"या दादा," नोंदबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा पातळ येत होता. "बघा बाई काय झालंय ते. मी कशाला हात लावलेला नाही."

कोणी आपणहून असं म्हणालं की पेंग्विन मनात एक खूण करून ठेवत असे. त्याने ती केली आणि डबा उचलला.

चाचणीचा आवाज लावला. शांतता. आवाजाची पातळी पाहिली, काठोकाठ. साउंड कार्ड मशीनला दिसतंय का पाहिलं. दिसत होतं, नावगावासकट. त्याने लॅपटॉपला कान लावला. पंख्याची घरघर, बाकी काही नाही. गेलेल्या स्पीकरचीही एक बारीक खरखर असते, मेलेल्या माणसाच्या घरात घड्याळ चालू असावं तशी. इथे तीही नव्हती. म्हणजे स्पीकर गेला नव्हता. त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मग त्याने आवाजाचा फलक उघडला. मशीनमध्ये कुठला आवाज तयार होतोय हे तिथे एका आडव्या हिरव्या पट्टीवर दिसतं. आवाज असला की पट्टी उड्या मारते, नसला की सपाट पडून राहते. पट्टी मस्त नाचत होती.

"बाई, अर्धं काम झालं," तो म्हणाला. "आवाज तयार होतोय. बाहेर पडताना कुठेतरी अडतोय. नळाला पाणी आहे, तोटी बंद आहे."

त्याने चाचणी थांबवली, हात झटकले, आणि कोपऱ्यातल्या माठाकडे पाणी प्यायला गेला. ग्लास अर्धा झाला आणि त्याचं लक्ष पडद्यावर गेलं.

पट्टी नाचत होती.

चाचणी आपण बंद केली नाही की काय, असं वाटून तो परत आला. केली होती. दुसरं काहीच चालू नव्हतं. तो उभ्या उभ्या पाहत राहिला. पट्टी तीनदा आखूड उडी घ्यायची, मग एकदा लांब ताणायची, मग क्षणभर सपाट. तीन आखूड, एक लांब. तीन आखूड, एक लांब. हा ठेका त्याने स्वतः बसवला होता, सहा वर्षांपूर्वी, घरी जेवणाच्या टेबलावर चमचा वाजवून. बायको तेव्हा म्हणाली होती, हे ऐकून माणूस घराबाहेरच पळेल. तो म्हणाला होता, तेच तर पाहिजे.

"बाई," तो म्हणाला. "हे कधीपासून नाचतंय?"

"मला काय माहीत दादा? पडदा पाच मिनिटांनी आपोआप काळा होतो. वीज वाचवायचं परिपत्रक आहे ना. आणि हात लावू नये असं तुम्हीच लिहिलंय."

त्याने आकड्यांची फाइल उघडली. ती उघडताना आपण बसलो कधी हे त्याला कळलं नाही.

नऊ दिवसांपूर्वी, सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी : मर्यादा ओलांडली, भोंगा चालू. त्या दिवशीचा आकडा सहा. दुसऱ्या दिवशी सात. मग नऊ. मग नऊच. मग चौदा, सतरा, बावीस, सव्वीस. काल एकतीस. आज अजून दुपारचे साडेबारा व्हायचे होते आणि आकडा चाळिसावर होता. भोंगा नऊ दिवस एकदाही थांबला नव्हता. कोणी थांबवलाच नव्हता. शेजारी रजिस्टर उघडं होतं, आणि नोंदबाईंनी बाराची नोंद नुकतीच केली होती. शाई अजून ओली होती.

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, ऐक. आत्ता घरातून निघ."

"का रे? भोंगा वाजला?"

"तो... वाजतोय."

"कुठे वाजतोय? मला तर पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं ऐकू येतंय."

"इथे वाजतोय. म्हणजे तुला ऐकू येणार नाही. आवाजात बिघाड आहे. तू निघ, भाऊजींना घेऊन शाळेवर जा."

"छोट्या, शुद्धीत आहेस ना? ह्यांना एकटी उचलू होय मी? चार माणसं लागतात. बोलावते म्हटलं तर कोण येईल? गेल्या वर्षी कुणीतरी बोंब मारली, टेकडी आली म्हणून. सगळे पळाले, आणि परत येऊन बघतात तर निम्म्या घरांची कुलपं फोडलेली. तेव्हापासून ठरलंय वस्तीत. भोंगा ऐकल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही." मग म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना. नाही वाजला तर स्वस्थ झोप."

"सांगितलं होतं."

"मग? वाजव की. तुझ्या हातचा आहे ना?"

तिने टोमणा मारला नव्हता. सरळ विचारलं होतं. तेच वाईट होतं.

त्याने फोन ठेवला. माइकवर ओरडून उपयोग नव्हता, तीही बोंबच ठरली असती. तो फलकाकडे वळला. आता चूक शोधायची होती आणि घाई करायची नव्हती, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाला करायच्या होत्या. आवाज कुठल्या दाराने बाहेर जातोय ते त्याने पाहिलं. दोन दारं होती : स्पीकर आणि हेडफोन. खूण हेडफोनवर होती, आणि पुढे लिहिलं होतं : जोडलेला आहे.

लॅपटॉपला हेडफोन नव्हता. भोक रिकामं होतं.

त्याने खिशातला छोटा टॉर्च काढला आणि भोकात डोळा घातला. आत, अगदी तळाशी, काहीतरी पिवळं चमकलं.

"बाई, हे काय आहे?"

नोंदबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग खुर्चीत बसल्या. मग उभ्या राहिल्या.

"दादा, माझा मोबाइल दुरुस्तीला होता हो. दुपारच्या सुट्टीत मालिका बघितली, पंधरा मिनिटं. इयरफोन लावून, कुणाला त्रास नको म्हणून. खुर्ची सरकली आणि वायर चाकात गेली. पिन अर्धी हातात आली. मला वाटलं, माझा इयरफोन गेला. लॅपटॉप तर चांगला चालू होता."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

पिनेचा नखाएवढा तुकडा आत बसला होता, आणि मशीनला वाटत होतं की कुणीतरी हेडफोन लावून बसलंय. कान लावून बसलेल्या माणसाच्या सोयीसाठी ते स्पीकर आपणहून बंद करतं. सभ्यपणाच म्हणायचा. नऊ दिवस मशीन त्या पितळेच्या टोकाच्या कानात जीव खाऊन ओरडत होतं.

रागवायला वेळ नव्हता, आणि रागवायचं तर "हात लावू नये" हा डब्यावरचा कागद कुणाच्या अक्षरात होता हेही त्याला दिसत होतं. त्याने चिमट्याने तुकडा ओढून पाहिला. तो आणखी आत गेला. मग फलकावर हेडफोनची खूण काढून स्पीकरवर केली. काही नाही. हिरवी पट्टी नाचतेय, खोली गप्प.

"दादा, होईल ना हो?" नोंदबाई म्हणाल्या. "तुमची ताई तिथेच ना?"

"शेवटचं घर."

मग त्याला ते जाडजूड पुस्तक आठवलं, त्यातलं उजवीकडचं पान, खालचा कोपरा. वरचा फलक नुसता शोभेचा असतो. खरे नळ त्याच्या खाली. त्याने काळी खिडकी उघडली आणि ते नळ दाखवणारा हुकूम टाइप केला, आल्सामिक्सर. उभ्या खांबांची रांग आली. एकेका खांबाखाली दोन शून्यं, म्हणजे वाट मोकळी. स्पीकरच्या खांबाखाली दोन एम, म्हणजे तोंड बांधलेलं. रांगेच्या टोकाला स्वयंमौन नावाची सोय, आणि ती चालू. बाणाच्या कळीने तो एकेक खांब ओलांडत गेला. एकदा खांब चुकला, परत मागे आला. स्वयंमौन बंद केलं. स्पीकरवर येऊन एम दाबला. दोन एमची दोन शून्यं झाली.

आवाज असा आला की नोंदबाई रजिस्टरासकट मागे भिंतीला टेकल्या. तीन आखूड, एक लांब. त्याने माइकवर डबा उपडा ठेवला आणि घड्याळ पाहिलं : एक वाजून बावन्न मिनिटं. खिडकीबाहेर, लांब, टेकडीच्या बाजूने, तोच ठेका एका श्वासाने उशिरा येत होता.

साहेब दारात आले. चेहरा खुलला होता.

"वा! शाब्बास पेंग्विन. जमवलंत. आता बंद करा."

"साहेब, ही चाचणी नाही."

"म्हणजे?"

त्याने आकडे दाखवले. साहेबांनी ते वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. आकडे तेच होते.

"नऊ दिवस?" साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "आणि रजिस्टरला निरंक? आणि उद्या पथक येतंय?" कुठल्या गोष्टीने ते जास्त घाबरले हे सांगणं कठीण होतं. "हे बघा. घरं रिकामी करायचा निर्णय तुमचा नाही, माझाही नाही. तो वरचा. मी विचारतो. तोवर हा ठणाणा बंद करा."

ते बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. "वरचे म्हणतात, उद्या पथक तारा तपासेल, मग ठरवू. तोपर्यंत भोंगा बंद. घबराट नको. बंद करा, पेंग्विन."

एक कळ दाबायची होती. एम. बोट तिच्यावर आपसूक गेलंही होतं, तीस वर्षांच्या नोकरीने. तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. कानाला लावला तर आधी भोंगाच आला, मग त्यावरून ताई ओरडत होती.

"आले रे, शेजारचे आले! कापडं बेतायचं टेबल आहे ना, त्यावर घातलंय ह्यांना! अरे हळू, अरे भिंत... छोट्या, मागच्या भिंतीतून उजेड दिसतोय!"

त्याने बोट कळीवरून उचललं.

"साहेब, बंद होत नाही."

"काय?"

"बिघाड आहे. चालू झालाय, पण बंद होत नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. सकाळपासून आवाज यावा म्हणून झटणारा माणूस आता तो जात नाही म्हणून घाम पुसत होता, आणि घाम खरा होता.

"लिनक्स!" साहेब म्हणाले. "मी तेव्हाच म्हणत होतो. वायर उपटा."

त्याने लॅपटॉपची वायर उपटली. भोंगा चालूच. "बॅटरी आहे, साहेब. सहा तास चालते."

"मग तो डब्याखालचा माइक? कर्ण्यात त्याच्यातूनच जातं ना सगळं?" साहेब वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जाणून होते. ते टेबलाकडे निघाले.

आणि नोंदबाई, ज्यांनी एकोणीस वर्षांच्या नोकरीत साहेबांसमोर एक पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं, त्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हात लावू नये असं लिहिलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "हुकमावरून."

साहेबांनी कागद वाचला. खाली शिक्का होता. शिक्का त्यांच्याच कार्यालयाचा होता. शिक्क्यापुढे ते नेहमी थबकत. त्या दिवशीही थबकले.

"मला लेखी द्या," शेवटी ते म्हणाले. "तांत्रिक बिघाड. तुमच्या सहीने. मग तुम्ही आणि तुमचं नशीब."

त्याने लेखी दिलं.

तीन वाजता ताईचा फोन आला. बेचाळीस घरं शाळेच्या मैदानावर होती. भाऊजी टेबलासकट भिंतीच्या सावलीत. लोकांची कुरबुर सुरू झाली होती. "टेकडी तर जागच्या जागी आहे, छोट्या. शेजारीण म्हणते, गॅस बंद केला की नाही बघून येते. दोघं तिघं माघारी निघालेत. काय सांगू त्यांना?"

"वाजतोय ना अजून?"

"कान किटले."

"वाजतोय तोवर कुणाला सोडू नकोस. तो बंद झाला तरी सोडू नकोस."

"ते कसं जमायचं? बंद झाल्यावर मी कोण त्यांना धरून ठेवणारी? ह्यांचीही चुळबुळ चाललीय, औषधाची पिशवी मागच्या खोलीत राहिली."

"ताई, औषध मी आणून देतो. तू जाऊ नकोस. तुला माझी..." शपथ घालायची त्याला सवय नव्हती, वाक्य तिथेच लोंबकळलं.

चार वाजता साहेबांनी दार ढकलून विचारलं, "झाला का दुरुस्त?" तो म्हणाला, "प्रयत्न चालू आहे." पाच वाजता पुन्हा. तेच उत्तर. मधल्या वेळात तो समोर बसून आकडे बघत होता. साठ. एकोणसत्तर. त्र्याऐंशी. खोलीत बोलायचं तर ओरडावं लागत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं. नोंदबाई दर तासाला रजिस्टर उघडत, पेन टेकवत, आणि काय लिहावं हे न सुचून पेन उचलत. बॅटरी निम्म्यावर आली तेव्हा त्याने साहेब जवळ नाहीत असं बघून वायर लावली.

पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तिसऱ्या तारेपुढे आकड्याच्या जागी शब्द आले : उत्तर नाही. मग चौथी. मग पहिली आणि दुसरी एकदमच. तो ओळी मोजत गेला. सातवी तार शेवटपर्यंत टिकून होती. तिचा आकडा एकदम चार अंकी झाला, आणि मग तीही गेली. उत्तर नाही. खिडकीबाहेरचा भोंगा मध्येच तुटला, लांब स्वरावर. खोलीतला वाजतच राहिला. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं; आवाज त्यानंतर आला, आणि तो कानाला कमी, पायांना जास्त कळला.

त्याने ताईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नोंदबाई काही विचारत होत्या, पण त्याला त्यांचे नुसते ओठ दिसत होते. तेव्हा कुठे त्याने एम दाबला. खोली गप्प झाली. अकराव्या वेळी घंटी गेली.

कुणीतरी फोन उचलला. आधी नुसता खोकला, आणि मागे खूप माणसं एकदम बोलताहेत असा गलका.

"ताई?"

"धूळ आहे रे," ती म्हणाली. "काही दिसत नाही. थांब, मोजतायत."

तो थांबला. पलीकडे कोणीतरी घरनिहाय हाका मारत होतं, आणि प्रत्येक हाकेनंतर आलेली ओ तो बोटांवर मोजत होता. पुढची ओळ. मधली ओळ. मागची. शेवटची हाक ताईच्या घरची होती. फोन कानाशी धरूनच तिने ओ दिली.

चौकशी यथावकाश झाली. मोत्यासारख्या अक्षरातलं रजिस्टर जप्त झालं. सोमवारच्या सह्यांबद्दल साहेबांना काही प्रश्न विचारले गेले, त्यांची त्यांनी समर्पक उत्तरं दिली. तांत्रिक सहायक, श्रेणी दोन, यांना एक ज्ञापन मिळालं, जावक क्रमांकासह : "ज्याअर्थी सदर भोंगा दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांपासून तीन तास छप्पन्न मिनिटे सलग वाजत राहिला, आणि ज्याअर्थी वरिष्ठांचे स्पष्ट निर्देश असूनही सदर तांत्रिक बिघाड विहित वेळेत दूर करण्यात आपण कसूर केली, त्याअर्थी आपल्याविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा."

खुलासा एका ओळीचा होता : बिघाड मान्य. तो फाइलीला लागला. त्याची एक वेतनवाढ रोखण्यात आली आणि सेवापुस्तकात तशी नोंद घेण्यात आली.

मागच्या ओळीतल्या अकरा घरांवर टेकडी आली तेव्हा त्यांत कोणी नव्हतं.